डोंगरवाटांवर माउंटन बाइक आणि चालणारे: कुणी कुणासाठी थांबायचं?

पाऊलवाट (धागाकर्ती)

डोंगरातल्या अरुंद वाटांवर पायी चालणारे आणि माउंटन बाइक चालवणारे यांच्यात जी धुसफूस चालते, तिच्यावर सविस्तर बोलावं असं बरेच दिवस मनात होतं. मी चालणारी आहे. सायकलींवर माझा राग नाही. सायकलमुळे तरुण मुलंमुली डोंगरात येऊ लागली याचा मला आनंदच आहे. पण वाट दोघांची असेल तर दोघांनाही तिथे निर्धास्त जाता आलं पाहिजे, आणि आज तसं होत नाही.

हा त्रास एकतर्फी आहे आणि म्हणूनच तो मिटत नाही, असं मला वाटतं. मागून सायकल सुसाट येते, चालणारा दचकून झुडपात शिरतो, सायकल निघून जाते. सायकलवाल्याच्या लेखी काही घडलेलंच नसतं. धक्का लागला नाही, कुणी पडलं नाही, समोरच्याने वाटही दिली! चालणाऱ्याचा मात्र पुढचा सगळा वेळ मागे वळून बघण्यात जातो. तो ज्या शांततेसाठी आला होता ती गेली. एकाला तक्रार आहे आणि दुसऱ्याला ती कशाबद्दल आहे हेच कळत नाही, मग बोलणी सुरू तरी कुठून करायची?

हे माझं एकटीचं रडगाणं नाही. जेकब आणि श्रायर या अभ्यासकांनी १९८० सालीच मांडलं होतं की एकाच्या वागण्याने दुसऱ्याचा तिथे येण्याचा हेतूच अडतो तेव्हा अशा जागी संघर्ष होतो. प्रत्यक्ष टक्कर व्हावीच लागते असं नाही. पुढे अमेरिकेतल्या मोंटानात, रॅटलस्नेक नावाच्या डोंगराळ भागात, चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना एकमेकांबद्दल विचारलं गेलं. चालणाऱ्यांना सायकलींचा जेवढा त्रास वाटत होता तेवढा सायकलवाल्यांना चालणाऱ्यांचा वाटत नव्हता. तो अभ्यास १९९१ चा, म्हणजे माउंटन बाइक नवी होती तेव्हाचा.

मग खरा फरक कशाने पडतो? बंदीने? वेगळ्या वाटांनी? वार वाटून घेतल्याने? की नुसतं समजावून सांगितल्याने? ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा. "सगळे सायकलवाले माजलेत" किंवा "चालणाऱ्यांना सगळ्याचाच त्रास होतो" असे प्रतिसाद मात्र नकोत.

उतारवेडा

धागा आवडला, पण दुसरी बाजूही लिहितो.

मी माउंटन बाइक चालवतो. माझ्या ओळखीतले बहुतेक जण माणूस दिसला की वेग कमी करतात, बोलतात, गरज पडली तर उतरतात. लक्षात राहतो तो न थांबणारा एक. थांबून गेलेले नऊ कुणाच्या लक्षात राहत नाहीत. हे स्वाभाविक आहे, पण त्या एकासाठी सगळ्यांना बाहेर काढायची मागणी होते तेव्हा फार वाईट वाटतं.

चालणाऱ्यांकडूनही काही गोष्टी होतात. दोन्ही कानांत हेडफोन घालून वाटेच्या मधोमध चालायचं. पाच जणांनी आडवी रांग करायची. कुत्रा मोकळा सोडायचा, आणि तो चाकाखाली आला की सायकलवाला दोषी. सगळ्यात भयंकर म्हणजे काही ठिकाणी लोक मुद्दाम उतारावर ओंडके आडवे टाकतात, झाडांना तार बांधतात. तारेने माणसाचा गळा कापला जाऊ शकतो. रागाची कारणं काहीही असोत, हा सरळ सरळ गुन्हा आहे आणि चालणाऱ्यांनीही त्याविरुद्ध तेवढ्याच मोठ्याने बोललं पाहिजे.

आणि "सायकलींमुळे वाट उखडते" हा आरोप तपासून घ्या. विल्सन आणि सेनी यांनी १९९४ मध्ये मोंटानातल्या डोंगरवाटांवर घोडा, माणूस, मोटरसायकल आणि सायकल या चौघांची तुलना केली होती. घोड्यांच्या टापांनी आणि माणसांच्या पावलांनी चाकांपेक्षा जास्त माती सुटी झाली. ओल्या वाटेवर तर हा फरक आणखी ठळक होता.

पाऊलवाट

@उतारवेडा, तारेबद्दल शंभर टक्के सहमत. असं करणारा माझ्या बाजूचा नाही. कानांचंही मान्य, एक कान तरी मोकळा ठेवावा.

पण मातीचा मुद्दा मी मांडलेलाच नव्हता. मी भीतीबद्दल बोलत होते.

नलूताई

माझ्या उजव्या कानाला जवळजवळ ऐकू येत नाही. हेडफोन नसतात, तरी घंटी कळत नाही. कळली तरी कुठल्या बाजूने येते ते कळत नाही. कुणी "बाजूला!" ओरडलं की पाय जागीच खिळतात. मुलांनो, मागून येताना समोरच्याला ऐकू येतच नाही असं धरून चाला, एवढंच म्हणेन.

गारगोटी

नलूताईंच्या प्रतिसादात सगळं आलं. त्याला थोडं गणित जोडतो, कारण "मी कंट्रोलमध्ये होतो" हे वाक्य प्रत्येक सायकलवाला बोलतो आणि ते तपासता येतं.

माणूस दिसल्यापासून बोटं ब्रेकवर दाबली जाईपर्यंत दीड सेकंद धरू. सुट्या खडीच्या उतारावर वेग दर सेकंदाला ताशी ११ किलोमीटरच्या आसपास कमी होतो असं धरू. चाक न घसरता याहून जोरात ब्रेक लावणं बहुतेकांना जमत नाही. मग ताशी १५ च्या वेगाला पूर्ण थांबायला सुमारे ९ मीटर लागतात, २५ ला १८ ते १९ मीटर, ३५ ला ३० मीटर.

आता झुडपाने झाकलेलं वळण घ्या. पलीकडचं दहा मीटर दिसतंय. म्हणजे १५ चा वेग सुरक्षित झाला का? नाही, कारण पलीकडचा माणूस उभा नाही, तो तुमच्याकडे चालत येतोय. तुम्ही थांबेपर्यंत तो चार मीटर पुढे आलेला असतो. हिशेब पूर्ण केला तर तिथे ११-१२ च्या वर जाताच येत नाही. आणि समोरून दुसरी सायकल असेल तर दोघांनाही थांबायला जागा हवी, मग आणखी हळू.

यात सभ्य-असभ्य असा भागच नाही. अत्यंत सज्जन सायकलवाला सुद्धा त्या वळणावर २५ ने आला तर तो थांबू शकत नाही. त्याने थांबायचं ठरवलं होतं की नाही याने काही फरक पडत नाही.

२०१६ साली अमेरिकेतल्या ग्लेशियर नॅशनल पार्कच्या शेजारी एक सायकलस्वार आडवळणावर थेट ग्रिझली अस्वलावर आदळला आणि त्या हल्ल्यात गेला. चौकशीत निघालं की अस्वल दिसल्यापासून आदळेपर्यंत त्याला एखाद-दोन सेकंदच मिळाले होते. अस्वलाच्या जागी कुणाचं मूल असतं तरी सेकंद तेवढेच होते.

उतारवेडा

@गारगोटी, हिशेबाला उत्तर नाही, तो बरोबर आहे. पण वळण कुठे दिसतं आणि कुठे नाही हे वाट बांधणाऱ्याने ठरवलेलं असतं, आम्ही नाही. सरळ, लांब, तीव्र उतार दिला की वेग येतोच.

कलम_३०

नियम कुठे काय आहेत ते थोडक्यात सांगतो. "सायकलला हक्कच नाही" आणि "आमचाही तेवढाच हक्क आहे" अशी दोन्ही वाक्यं सरसकट खरी नाहीत, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टच्या कलम ३० ने सायकलींना ब्राइडलवेवर, म्हणजे घोड्यांसाठीच्या जुन्या वाटांवर, प्रवेश दिला. पण त्याच कलमात लिहिलंय की सायकलवाल्याने चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला वाट द्यायची. म्हणजे हक्क आणि कर्तव्य एकाच श्वासात आले. निव्वळ पायवाटांवर मात्र सायकलला तो हक्क नाही. स्कॉटलंडने २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने वेगळी दिशा घेतली. तिथे इंजिन नसलेल्या कुठल्याही मार्गाने बहुतेक सगळ्या मोकळ्या जमिनीवर जाता येतं, अट एकच, जबाबदारीने वागायचं. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात दोन मीटरचा नियम आहे: जंगलातली वाट दोन मीटरपेक्षा अरुंद असेल तर सायकल चालवायची नाही. त्यावरून तिथे वर्षानुवर्षं वाद चाललाय.

अमेरिकेत १९६४ च्या वाइल्डरनेस ॲक्टखालच्या राखीव रानांत यांत्रिक वाहतुकीला मनाई आहे, आणि तिथल्या वनखात्याच्या नियमांत सायकल त्यात धरली जाते.

आणि मरीन काउंटी. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला माउंट टॅमलपाइस आहे. त्या परिसरात १९७६ पासून जुन्या जाड टायरच्या सायकलींवर उताराच्या शर्यती सुरू झाल्या आणि त्यातून माउंटन बाइक घडत गेली. भांडणही तिथेच पहिल्यांदा पेटलं. अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या, रुंद अग्निशमन रस्ते खुले राहिले, आणि त्यांवर ताशी १५ मैलांची, म्हणजे सुमारे २४ किलोमीटरची वेगमर्यादा आली. आंधळ्या वळणावर आणि माणसाला ओलांडताना ५ मैल, म्हणजे ८ किलोमीटर. गारगोटींच्या हिशेबाशी ताडून पाहा.

गारगोटी

बरोबर जुळतंय. आठच्या वेगाला पाच मीटरच्या आत थांबता येतं.

टाप

घोड्यांचं कुणी तरी लिहिलं पाहिजे म्हणून लिहिते. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. मागून आवाज न करता काही वेगाने आलं की तो ते शिकारी जनावर समजतो. तो बिथरला तर स्वार पडतो, आणि जवळ चालणारे असतील तर त्यांनाही इजा होते. सायकलवाल्यांनी लांबूनच थांबावं, उताराच्या खालच्या बाजूला उभं राहावं (वरून झेपावणाऱ्याची त्याला जास्त भीती वाटते) आणि स्वाराशी शांत आवाजात बोलत राहावं. घोड्याला माणसाचा आवाज ऐकू आला की त्या हेल्मेट घातलेल्या आकृतीत माणूस आहे हे त्याला कळतं. चालणाऱ्यांनीही हेच करावं. अमेरिकेतल्या वाटांवर जो पिवळा त्रिकोणी फलक असतो त्याचा अर्थ हाच: सायकल दोघांना वाट देते, चालणारा घोड्याला देतो.

रानभूल

दोन्ही बाजू वन्यप्राण्यांचं नाव घेतात म्हणून एक भर. टेलर आणि नाइट यांनी २००३ मध्ये युटाहमधल्या अँटिलोप बेटावरचा अभ्यास छापला. बायसन, म्यूल जातीची हरणं आणि प्राँगहॉर्न हे हरणासारखे प्राणी चालणाऱ्याला पाहून जसे बिचकत, साधारण तसेच सायकलीला पाहूनही. त्यात लोकांनाही प्रश्न विचारले होते. बहुतेकांना प्राण्यांच्या जितकं जवळ जाणं चालेल असं वाटत होतं, त्याच्या कितीतरी आधी प्राणी पळत होते. आणि प्राण्यांना होणाऱ्या त्रासाचा दोष लोक आपल्या गटाला न देता दुसऱ्या गटाला देत होते. तेव्हा हरणांना मध्ये न घेता बोलूया.

मातीकाम

उतारवेडा यांनी वाट बांधणाऱ्यांचं नाव काढलं. मी वाटा आखायचं आणि दुरुस्त करायचं काम करतो, तर लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या.

वेग ही गोष्ट फलक लावून येत नाही आणि फलक लावून जातही नाही. ती जमिनीत असते. सरळ उतारावर खाली सोडलेली वाट दोन्ही गोष्टी बिघडवते: पाणी वाटेवरूनच धावतं आणि चर पाडतं, आणि सायकलही त्याच रेषेत धावते. म्हणून आम्ही वाट डोंगराच्या कुशीतून, तिरकी नेतो. त्याला अर्ध्याचा नियम म्हणतात: वाटेचा चढ हा डोंगरउताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. शिवाय सरासरी चढ दहा टक्क्यांच्या आसपास ठेवायचा. अधूनमधून वाट थोडी चढवून परत उतरवायची, तिथे पाणी बाहेर पडतं आणि सायकलचा वेग आपोआप मोडतो. १९८८ साली कॅलिफोर्नियातल्या सायकल क्लबांनी मिळून इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन काढली, तिच्या मार्गदर्शनातही हेच सूत्र आहे. सायकलवाल्यांची संघटना स्वतःहून वेग मोडणाऱ्या वाटा बांधायला सांगते हे चालणाऱ्यांना माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

वळणापाशी दोनच मार्ग आहेत. एक तर नजर मोकळी करा, नाहीतर वेग मोडा. नजर मोकळी करायची तर आतल्या बाजूची झुडपं छाटावी लागतात. वेग मोडायचा तर वळणाच्या आधी दोन मोठे दगड किंवा दोन झाडं यांच्यामधून वाट न्यायची, हँडल जेमतेम जाईल एवढी. हे वळणाच्या आधी हवं. वळणावरच केलं तर सायकलवाला नेमका तिथे तोल सांभाळण्यात गुंततो आणि समोरचा माणूस त्याला उशिरा दिसतो. ही चूक मी पुष्कळ वाटांवर बघतो आणि दर वेळी हळहळतो. सगळ्यात वाईट म्हणजे नजर मोकळी करून वेग तसाच सोडणं: मग सायकलवाला आणखी जोरात येतो आणि मिळालेली मोकळीक खाऊन टाकतो.

वेळ वाटून घेण्याबद्दल धागाकर्तीने विचारलं होतं. ते चालतं, पण जिथे गर्दी खरोखर जास्त आहे तिथेच. अमेरिकेतल्या टाहो तलावाभोवतीच्या टाहो रिम ट्रेल या वाटेच्या, टाहो मेडोजपासूनच्या एका भागात सायकली फक्त सम तारखांना जातात. कोलोरॅडोतल्या सेंटेनिअल कोन पार्कात शनिवार-रविवारी सम तारीख सायकलींची, विषम तारीख चालणाऱ्यांची आणि घोड्यांची. मला यात आवडतं ते हे की कुणालाच बाहेर काढलेलं नाही. ज्याला सायकलींची भीती वाटते त्याला एक दिवस पूर्ण निर्धास्त मिळतो. वेल्समधल्या स्नोडन डोंगरावर तर ऐच्छिक समझोता आहे: १ मे ते ३० सप्टेंबर, सकाळी १० ते संध्याकाळी ५ या वेळात शिखराकडे जाणाऱ्या ब्राइडलवेवर सायकल न्यायची नाही. हक्क कायद्याने शिल्लक आहे, तरी गर्दीच्या तासांत तो बाजूला ठेवायचा.

वेगळ्या वाटा हा माझ्या मते शेवटचा उपाय, आणि तो फक्त वेगवान उतारांसाठी. ज्याला उडी मारायची आहे, चाकं जमिनीपासून सोडायची आहेत, त्याला एकेरी, फक्त सायकलींची वाट द्या. वेल्समधल्या कोएद-अ-ब्रेनिनसारख्या जंगलांत १९९० च्या दशकापासून अशा खास वाटा आहेत. बाकी सगळंच वेगळं करायला गेलात तर डोंगरावर दुप्पट वाटा खोदाव्या लागतील. ते डोंगरालाही परवडणारं नाही.

सांजसावली

@मातीकाम, अप्रतिम प्रतिसाद. ई-बाइकचं काय? चढावर सुद्धा मागून सायकल येते आता. पूर्वी चढावर तरी निर्धास्त असायचो.

मातीकाम

खरं आहे. युरोपात पेडल मारताना मदत करणारी मोटर २५० वॅटची आणि मदत ताशी २५ किलोमीटरपर्यंतच. अमेरिकेत पहिल्या वर्गातल्या ई-बाइकला ही मर्यादा २० मैल, म्हणजे ३२. उतारावर मोटरने फारसा फरक पडत नाही, तिथे गुरुत्वाकर्षण पुरेसं असतं. फरक पडतो तो चढावर, तुम्ही म्हणता तसा. आणि दुसरं म्हणजे अंतर: जिथे पूर्वी दमलेले मोजकेच सायकलवाले पोहोचायचे तिथे आता बरेच पोहोचतात. दोन्ही दिशांनी वेग आहे हे धरूनच यापुढे वाटा आखाव्या लागतील. चढावर एकेरी दिशा ठरवून देणं इथे जास्त उपयोगी पडतं.

उतारवेडा

माझ्याकडून प्रत्यक्ष ओलांडण्याबद्दल थोडं. आम्ही गटात हे पाळतो.

"डावीकडून!" असं ओरडू नका. घाबरलेला माणूस "डावीकडे" एवढंच ऐकतो आणि डावीकडेच सरकतो. लांबूनच नुसतं "नमस्कार, मागे सायकल आहे" म्हणा आणि त्यांनी मागे बघेपर्यंत थांबा. बाजू त्यांना निवडू द्या. मग चालण्याच्या वेगाने पुढे जा आणि "मागे अजून तिघं आहेत" हे सांगा. पहिला गेला की लोक परत मधे येतात आणि दुसऱ्या सायकलीला दचकतात. हे सगळ्यात जास्त वेळा होतं. वाट अरुंद असेल तर तुम्ही कडेला एक पाय टेकून उभे राहा. गवतातून वळसा घालू नका, त्याने वाट रुंदावत जाते.

आणि नलूताई, तुमचं लक्षात ठेवलंय. मागे वळून बघितलं नाही तर ऐकू आलं नाही असं धरायचं, हे आमच्या गटात आजच सांगतो.

नलूताई

बाळा, बरं वाटलं वाचून.

पाऊलवाट

सगळ्यांचे आभार. मी विचार करत होते त्यापेक्षा चर्चा फार पुढे गेली.

एका बाबतीत माझं मत पक्कं आहे: जो जास्त वेगाने येतो, ज्याच्यामुळे दुसऱ्याला इजा होऊ शकते, त्याच्यावर जबाबदारी जास्त. यात तडजोड नाही. "दोघांनीही सांभाळून घ्यावं" हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण मी कितीही सांभाळून चालले तरी त्याचं थांबण्याचं अंतर कमी होत नाही. मात्र ती जबाबदारी फक्त सायकलवाल्याच्या स्वभावावर टाकून चालणार नाही, वाटेनेही त्याला हळू केलं पाहिजे, हे मातीकाम यांचं पटलं.

आमच्या वाटेची देखभाल करणाऱ्या मंडळींपुढे तीन गोष्टी ठेवणार आहे. आंधळ्या वळणांच्या आधी वेग मोडणारी रचना, गर्दीच्या सकाळी सायकलींना विश्रांती, आणि एका बाजूच्या उतारावर सायकलींची स्वतंत्र वाट. तिसरी गोष्ट सायकलवाल्यांनी मागायला हवी, पण मीच मागणार आहे. चालणाऱ्यांनी त्यांच्यासाठी मागितली तर ऐकलं जाण्याची शक्यता जास्त आहे.

@मातीकाम, वळणं मोजायची कशी? कुठलं धोक्याचं आहे हे अंदाजाने सांगितलं तर कुणी मानणार नाही.

मातीकाम

दोन माणसं आणि एक मोजपट्टी पुरते. एकाने वाटेवर उतरणाऱ्या सायकलवाल्याच्या जागी, सीटवर बसल्यावर डोळे जिथे येतात त्या उंचीवरून बघत यायचं. दुसऱ्याने वळणापलीकडून चालत यायचं. वरच्याला खालच्याचं डोकं पहिल्यांदा दिसलं की दोघांनी जागीच थांबून वाटेवरून अंतर मोजायचं. सरळ रेषेत मोजू नका, चाक वाटेनेच येणार आहे. मग खालच्याने गुडघ्यावर बसून परत तेच करायचं, म्हणजे लहान मूल कधी दिसतं ते कळेल. ते अंतर बहुतेक वेळा बरंच कमी निघतं, आणि कागदावर तेच लिहायचं. त्या वळणावर येताना सायकलींचा प्रत्यक्ष वेगही घ्या: वीस मीटरवर दोन खुणा करा आणि फोनमधल्या घड्याळाने वेळ मोजा. तीन सेकंदांच्या आत वीस मीटर गेले म्हणजे वेग ताशी २४ च्या वर आहे. गारगोटींचा हिशेब शेजारी ठेवा. झाडी पूर्ण वाढलेली असेल तेव्हाच मोजा, पानगळीत घेतलेली मापं उपयोगाची नाहीत.

उतारवेडा

@पाऊलवाट, सायकलवाल्याच्या जागी उभं राहायला मी येतो. सायकल घेऊनच येतो, म्हणजे सीटवरून डोळ्यांची उंची खरी मिळेल. व्यक्तिगत निरोप पाठवलाय.